आठव्या दिवशी चाक थांबलं: प्युअर डेटा आणि जेममध्ये केलेल्या एका देखाव्याचं प्रकरण

गिरगावातल्या एका गल्लीतलं मंडळ. १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसणाऱ्या या भागात देखाव्याची कल्पना सुचायला कोणाला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो जागा आणि पैसे जुळवायला. या वर्षीची कल्पना अशी: मूर्तीच्या मागे १६ फूट रुंद, १० फूट उंच पडदा. त्यावर १०८ पणत्यांचं एक आडवं चाक अधांतरी फिरतंय. गल्लीत ढोल-ताशा वाजला की एका पणतीची ज्योत उसळते आणि ती उसळी लाटेसारखी पुढच्या पणत्यांत सरकत जाते. ताशा थांबला की ज्योती शांत.

आधी तयार केलेला व्हिडिओ इथे चालत नाही, कारण ताशा कधी आणि कसा वाजेल हे व्हिडिओला ठाऊक नसतं. चित्र त्या क्षणी काढावं लागतं. त्यासाठी प्युअर डेटा निवडलं. मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात लिहिलेलं हे वातावरण मुळात संगीतासाठी आहे. ओळी लिहायच्या नाहीत, चौकोन ठेवायचे आणि तारांनी जोडायचे. त्यात त्रिमितीय चित्र काढण्याची सोय जेम हा जोड-संच करतो. तो मार्क डँक्स यांनी सुरू केला. दोन्ही फुकट आहेत आणि जुन्या मशीनवर चालतात. मंडळाकडे ऑनबोर्ड ग्राफिक्सचा एक जुना डेस्कटॉप होता. नवीन घेतलं ते लॅमिंग्टन रोडवरून एक यूएसबी साउंड कार्ड, एक लांब एचडीएमआय केबल आणि एक यूपीएस, एवढंच. प्रोजेक्टर भाड्याचा, शॉर्ट थ्रो (कमी अंतरातून मोठं चित्र टाकणारा), १२८० बाय ८०० चा. पडद्यामागे भिंतीपर्यंत नऊच फूट होते, म्हणून थ्रो रेशो ०.५ चा घ्यावा लागला: १६ फुटी चित्राला आठ फूट अंतर. मागून टाकलेलं चित्र पुढून आरशासारखं उलटं दिसतं. ते सरळ करायचं काम प्रोजेक्टरच्या मेनूतल्या 'रिअर' पर्यायाकडे द्यावं, पॅचमध्ये (म्हणजे चौकोन आणि तारांच्या जोडणीत) करत बसू नये.

साखळी कशी उभी राहते

जेममध्ये प्रत्येक साखळी 'जेमहेड'पासून सुरू होते. दर फ्रेमला जेमहेड खाली एक संदेश सोडतो. वाटेतला प्रत्येक चौकोन आपापलं काम करतो (सरकव, फिरव, रंग दे) आणि शेवटचा चौकोन आकार काढतो. खिडकी 'जेमविन' सांभाळतो. त्याचा वेग सांगितला नाही तर तो सेकंदाला २० फ्रेमने चालतो. इथे ३० ठेवला.

दुसऱ्या पडद्यावर खिडकी नेमकी बसवायची तर आकार, कडा आणि जागा हे तिन्ही संदेश 'क्रिएट'च्या आधी जायला हवेत: 'डायमेन १२८० ८००', 'बॉर्डर ०', 'ऑफसेट १९२० ०', मग 'क्रिएट', मग '१' (चित्र सुरू). उलट क्रमाने पाठवले तर खिडकी मुख्य मॉनिटरवर उघडते आणि प्रोजेक्टरवर नुसता डेस्कटॉप दिसत राहतो. पॅच आपोआप सुरू व्हायला 'लोडबँग' लावला होता, पण वीज जाऊन आली की प्रोजेक्टर जागा होण्याआधीच खिडकी उघडायची. मध्ये २० सेकंदांचा 'डिले' टाकल्यावर ते थांबलं.

पणत्या १०८ आहेत म्हणून १०८ साखळ्या काढायच्या नाहीत. 'रिपीट १०८' हा चौकोन आपल्या खालचा भाग एका फ्रेममध्ये १०८ वेळा चालवतो. त्याच्या खाली वाय अक्षाभोवती ३.३३३३३ अंश फिरवणारा 'रोटेट' ठेवला. रिपीटच्या फेऱ्यांत हे फिरणं साठत जातं आणि तेच आपल्याला हवं असतं: पहिली फेरी ३.३३, दुसरी ६.६७, असं करत १०८ व्या फेरीला वर्तुळ पूर्ण. त्याखाली 'सेपरेटर', मग झेडवर ३ एकक सरकवणारा 'ट्रान्सलेट', मग पणतीचं 'मॉडेल'. सेपरेटर विसरलात तर ३ एकक सरकणंही साठतं आणि पणत्या चाकावर न बसता भलत्याच वाटेने पांगतात. नवशिक्याचा पहिला तास इथेच जातो. साठायला हवं ते सेपरेटरच्या वर, साठायला नको ते खाली, एवढं पाळलं की झालं.

पहिल्यांदा चित्र आलं ते भलतंच. चाक कडेने दिसत होतं, म्हणजे नुसती एक आडवी रेघ, आणि जवळच्या पणत्या अर्ध्या कापलेल्या. कारण सरळ आहे. जेमचा डोळा, म्हणजे कॅमेरा, न सांगता ०, ०, ४ वर असतो आणि जवळची छाटणी १ एककावर, म्हणजे त्याहून जवळचं काही दिसत नाही. चाकाची त्रिज्या ३. म्हणजे सगळ्यात पुढच्या पणतीचा मध्य डोळ्यापासून बरोबर १ एककावर आला आणि तिची अलीकडची बाजू छाटणीत गेली. डोळा ०, २, ९ वर नेला, नजर मध्यावर ठेवली आणि 'पर्स्पेक' (नजरेचा कोन ठरवणारा संदेश) -०.४ ०.४ -०.४ ०.४ १ २० केला. आधीचा ९० अंशांचा उभा कोन यामुळे साधारण ४४ वर आला. रुंदीची काळजी करावी लागत नाही, खिडकीच्या प्रमाणात जेम ती स्वतः ताणतो. रुंद कोनात पुढच्या पणत्या राक्षसी आणि मागच्या मोहरीएवढ्या दिसतात. देखाव्याला अरुंद कोन बरा.

पणती किती बारीक कोरायची

मंडळातल्या एका होतकरू मुलाने पणतीचं मॉडेल मन लावून केलं होतं. काठावर नक्षी, आत तेलाची रेघ, वात पिळलेली. त्रिमितीय आकार त्रिकोणांनीच बनतो; इथे त्रिकोण ४०,०००. गुणिले १०८ म्हणजे एका फ्रेमला ४३,२०,००० आणि सेकंदाला जवळपास १३ कोटी. ऑनबोर्ड ग्राफिक्सने हात टेकले आणि चाक झटके देत फिरू लागलं.

इथे भांडण्याआधी पिक्सेल मोजावेत. चाकाचा परीघ १८.८५ एकक, त्यात १०८ पणत्या, म्हणजे प्रत्येकीला ०.१७ एकक जागा. पणतीची रुंदी ०.१६ धरली. वर सांगितलेल्या कॅमेऱ्याने सगळ्यात पुढची पणती पडद्यावर साधारण २५ पिक्सेल रुंद येते, सगळ्यात मागची १३. २५ पिक्सेलच्या चौकटीत सगळे मिळून ठिपकेच ६२५. त्यात ४०,००० त्रिकोण बसवणं म्हणजे तांदळाच्या दाण्यावर अख्खी ज्ञानेश्वरी. कुंभाराच्या चाकावर फिरवून काढल्यासारखा नवा आकार केला: गोलाई २४ भागांची, उंची १२ पट्ट्यांची, एकूण ५७६ त्रिकोण. १०८ पणत्यांचे मिळून ६२,२०८. नक्षी चित्र म्हणून वरून चिकटवली. कापडावर एक पिक्सेल ०.१५ इंचाचा पडतो, म्हणून पुढची पणती पावणेचार इंचांची दिसते, जवळपास खऱ्या पणतीएवढी. फरक कोणाच्या लक्षात आला नाही. ज्याने नक्षी काढली होती त्याच्या आला, आणि ते साहजिक आहे.

प्रकाशयोजनाही काढून टाकली. कॅमेरा हलत नाही, पणत्यांवरचा उजेड त्यांच्याच ज्योतीचा आहे. मग सावली आणि पिवळी झाक टेक्स्चरमध्येच (आकारावर चिकटवलेल्या चित्रात) रंगवून ठेवली की दिवे लावण्याचं सगळं झंझट संपतं. टेक्स्चर ५१२ बाय ५१२ चं, म्हणजे ग्राफिक्सच्या स्मृतीत १ एमबी. 'पिक्स-इमेज' आणि 'पिक्स-टेक्स्चर' रिपीटच्या वर ठेवावेत. खाली ठेवले तर तेच चित्र एका फ्रेममध्ये १०८ वेळा जोडलं जातं.

पार्श्वभूमीला ढगांचा व्हिडिओ हवा, असा एक आग्रह होता. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम उलगडली की ८.३ एमबी होते. सेकंदाला ३० धरल्या तर जवळपास २५० एमबी प्रोसेसरकडून ग्राफिक्सकडे ढकलत राहायचे, तेही दहा दिवस. त्याऐवजी ढगांचं एकच मोठं स्थिर चित्र लावून ते अगदी हळू सरकवलं. स्थिर चित्र एकदाच वर चढतं.

ज्योती आणि काळ्या कडा

ज्योत म्हणजे पारदर्शक टेक्स्चर लावलेला आयत. तो ०.०६ रुंद, ०.१२ उंच. ज्योत उसळली की उंची वाढवायची, पण आयत स्वतःच्या मध्यापासून वाढतो. त्यामुळे ज्योत पणतीच्या बुडातून खालीही निघायची. उपाय क्रमात आहे: आधी 'स्केल', त्याच्या खाली अर्ध्या उंचीइतका वर सरकवणारा 'ट्रान्सलेट', मग आयत. म्हणजे ज्योतीचं बूड शून्यावर राहतं आणि वाढ फक्त वर होते. हेच दोन चौकोन उलटे लावले की पुन्हा बुडातून आग.

आयत चाकाबरोबर फिरतो, त्यामुळे बाजूला गेला की त्याची कड दिसते आणि ज्योत नाहीशी होते. ३ एकक सरकवल्यानंतर तेवढंच उलटं फिरवायचं: पणतीचा क्रमांक गुणिले ३.३३३३३ अधिक चाकाचा कोन, हे सगळं उणे. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याचा कल १२-१३ अंशच आहे, त्यासाठी ज्योत वाकवायची गरज पडली नाही.

खरा त्रास दिसला तो ज्योती एकमेकांसमोर आल्यावर. पुढच्या ज्योतीभोवती एक मळकट किनार आणि त्या किनारीत मागची ज्योत कापलेली. यात बिघाड कुठेच नाही, खोलीची नोंद (कोणता पिक्सेल डोळ्यापासून किती अंतरावर, याची) आपलं काम इमाने करते. अर्धपारदर्शक पिक्सेल काढला तरी 'इथे इतक्या अंतरावर काहीतरी आहे' अशी नोंद होते. नंतर मागची ज्योत काढायला गेलं की तपासणी म्हणते, पुढे काहीतरी आहे, राहू दे.

खोलीची तपासणीच बंद केली तर मागच्या ज्योती पुढच्या पणत्यांच्या अंगातून दिसू लागतात. करायचं ते असं: तपासणी चालू, नोंद बंद. घन वस्तू आधी, पारदर्शक नंतर. जेमहेडला आकडा देता येतो, लहान आकड्याचा आधी चालतो, काही दिलं नाही तर ५० धरला जातो. पणत्यांना ४०, ज्योतींना ६०. ज्योतींच्या साखळीत 'डेप्थ-मास्क' ०, म्हणजे नोंद बंद. आणि 'अल्फा'ला १ हा पर्याय देऊन बेरजेचं मिश्रण: मागच्या रंगात ज्योतीचा रंग मिळवायचा. बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी उत्तर तेच, म्हणून १०८ ज्योती मागून पुढे लावत बसावं लागत नाही. धूर किंवा ढग असते तर ही सोय मिळाली नसती. उजेडाला ती मिळते.

यानंतर पडदा पार बिघडला. पणत्या गायब, मधूनच जुन्या फ्रेमची भुतं. डेप्थ-मास्क ही ग्राफिक्सची सार्वत्रिक अवस्था आहे, एका साखळीपुरती नाही. ० करून तशीच सोडली तर पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीला खोलीची पाटी पुसायचा हुकूमही मानला जात नाही, कारण पुसणं हेसुद्धा लिहिणंच. मग कालच्याच नोंदी आजच्या फ्रेमला अडवतात. जेमहेड ६१ ची एक छोटी साखळी, तिच्यात फक्त डेप्थ-मास्क १. दोन चौकोनांचं काम, पण न केल्यास पूर्ण संध्याकाळ जाते.

तारा क्रम सांगत नाहीत

प्रत्येक ज्योतीला वेगळी उंची द्यायची, म्हणजे रिपीटच्या प्रत्येक फेरीत 'मी कितवी' हे कळायला हवं. त्यासाठी मोजणीचा चौकोन. आवाजाचा ताजा आकडा दर फ्रेमला १०८ घरांच्या एका कोष्टकात 'टॅबराइट'ने लिहायचा, दर फ्रेमला एक घर पुढे सरकायचं. क्रमांक ० च्या ज्योतीने आत्ताचं घर वाचायचं, १ ने एक फ्रेम आधीचं, १०७ ने १०७ फ्रेम आधीचं. लाट १०८ फ्रेममध्ये चाकाला वळसा घालते, म्हणजे ३.६ सेकंदांत. घराचा क्रमांक काढताना वजाबाकी येते. तिथे 'मॉड' (भागाकारातली बाकी देणारा चौकोन) वापरावा, टक्क्याच्या चिन्हाचा चौकोन नको, कारण तो ऋण आकड्याला ऋण उत्तर देतो आणि वाचन कोष्टकाच्या बाहेर जातं.

हे सगळं जोडल्यावर एक अजब गोष्ट दिसली. १०७ ज्योती तालात, एक बेताल. ठेका पडला की तीच एक मलूल, आणि तीन-साडेतीन सेकंदांनी एकटीच उसळते. शिवाय ती पडद्यावर एका जागी नव्हती, चाकाबरोबर फिरत होती. म्हणजे दोष जागेचा नाही, क्रमांकाचा.

रिपीटमधून दोन तारा निघत होत्या, एक मोजणीकडे, एक स्केलकडे. दिसायला मोजणी डावीकडे आणि वर, म्हणून ती आधी होईल असं वाटतं. प्युअर डेटामध्ये एकाच तोंडातून दोन तारा निघाल्या तर आधी जाते ती जी आधी जोडली गेली. चौकोन कुठे ठेवला याचा काही संबंध नाही. (मॅक्स या अशाच चौकोन-तारांच्या दुसऱ्या वातावरणात उजवीकडचा आधी, असा जागेवरून क्रम ठरतो. तिथून आलेला माणूस इथे हमखास फसतो.) स्केलची तार आधी जोडली होती, म्हणून प्रत्येक ज्योत आपल्या आधीच्या क्रमांकाची उंची घेऊन निघत होती. १ ने ० ची घेतली, २ ने १ ची, हे डोळ्याला कळत नाही. पण ० ने घेतली मागच्या फेरीच्या १०७ ची, म्हणजे साडेतीन सेकंद जुनी.

उपाय 'ट्रिगर'. त्याची तोंडं उजवीकडून डावीकडे चालतात, कशीही जोडा. 'टी ए बी' लिहिला: उजव्या तोंडातून ठोका मोजणीकडे, मोजणीतून उंची स्केलच्या उजव्या इनलेटमध्ये (आत घेणाऱ्या तोंडात) जाऊन बसते, आणि त्यानंतरच डाव्या तोंडातून चित्राचा संदेश खाली उतरतो. उजवे इनलेट थंड असतात, आकडा नुसता धरून ठेवतात. गरम फक्त डावा. असाच आणखी एक ट्रिगर रिपीटच्या वर, मोजणी दर फ्रेमला शून्यावर आणायला. या वातावरणात ज्या पॅचमध्ये एका तोंडातून दोन तारा निघतात आणि ट्रिगर नसतो, तो पॅच चालत असला तरी चालतो असं म्हणू नये.

ताशा ऐकणं

माइक मंडपाच्या खांबावर, गल्लीकडे तोंड करून, पावसाच्या फवाऱ्यापासून आडोशाला. आवाज 'लोप~ १५०' (खालचे सूर राखणारी गाळणी) मधून ढोलासाठी आणि 'हिप~ २०००' (वरचे सूर राखणारी) मधून ताशासाठी वेगळा केला. दोन्हींची पातळी 'एन्व्ह~ १०२४ ५१२' ने काढली: एका खिडकीत आवाजाचे १०२४ नमुने, दर ५१२ नमुन्यांनी नवा आकडा. हा चौकोन पूर्ण पातळीला १०० धरून डेसिबल देतो. ढोल-ताशा वाजत नसतानाचा आकडा लिहून घ्यायचा, त्यावर थोडी जागा सोडून शून्य धरायचं. हे दुपारी करू नये. रात्रीच्या आरतीला जी गर्दी असते तिचा नुसता गलकाही दुपारच्या ढोलाएवढा भरतो, म्हणून आकडा आरतीच्या वेळचाच घ्यावा.

कच्ची पातळी ज्योतीला दिली तर ज्योत थरथरते. चढताना लगेच, उतरताना सावकाश असं हवं: नवा आकडा किंवा जुन्याचे ०.८५ पट, यातलं जे मोठं ते. दहा फ्रेममध्ये, म्हणजे एक तृतीयांश सेकंदात, ज्योत पाचव्या भागावर येते. तेलाच्या ज्योतीला हे शोभतं.

सुरुवातीला आवाज आणि चित्र एकाच प्युअर डेटात होते. जेम आवाजाच्याच रांगेत चालतो. आवाजाचा एक गठ्ठा ६४ नमुन्यांचा, १.४५ मिलिसेकंदांचा. १०८ पणत्या काढायला त्याहून जास्त वेळ लागला की आवाजाचे गठ्ठे अडून राहतात. साठवण २५ मिलिसेकंदांची होती, चित्र जड झालं की तीही संपायची, माइकचा आवाज तुटायचा आणि तुटण्याची टिचकी हाच ताशा समजून ज्योती उसळायच्या. दोन वेगळे प्युअर डेटा चालवले. एकात फक्त आवाज. दुसरा आवाज बंद ठेवून सुरू केलेला, त्यात फक्त जेम. मध्ये त्याच मशीनवर 'नेटसेंड' आणि 'नेटरिसीव्ह', यूडीपी, पोर्ट ९०००. यूडीपी (हरवलेला संदेश पुन्हा न पाठवणारी पद्धत) अशासाठी की हरवलेला जुना आकडा परत मागवण्यात अर्थ नाही. आवाजाकडून सेकंदाला ८६ आकडे येतात, चित्र दर फ्रेमला शेवटचा उचलतं.

उशीर किती, याचा हिशोब: साउंड कार्डची साठवण २५, एन्व्ह~ ची खिडकी २३, एक फ्रेम ३३, प्रोजेक्टर साधारण ३३. जास्तीत जास्त ११४ मिलिसेकंद. पथक २० मीटरवर उभं असेल तर त्याचा आवाज मंडपापर्यंत यायलाच ५७ लागतात. माइक मंडपात आणि बघणारेही मंडपात, त्यामुळे ते ५७ दोघांना सारखेच. उरलेला उशीर लाटेच्या रचनेत मुरतो.

रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, सवलतीचे दिवस सोडून. तेव्हा ज्योती निव्वळ स्थिर राहिल्या तर चित्र गोठल्यासारखं वाटतं. म्हणून प्रत्येक ज्योतीला क्रमांकानुसार वेगळ्या वेळी होणारं, अगदी थोडं, पाच-सात टक्क्यांचं श्वासासारखं हलणं दिलं.

आठवा दिवस

चतुर्थीला सकाळी दहाला प्राणप्रतिष्ठेच्या वेळी पॅच सुरू केला. प्रोजेक्टर पहाटे काही तास बंद ठेवत, मशीन मात्र चालूच. मध्ये दोनदा वीज जनरेटरवर गेली, यूपीएसने धरली. धुपाच्या धुराने प्रोजेक्टरची जाळी तिसऱ्या दिवशीच भरली, ती ब्रशने साफ केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक कार्यकर्ता म्हणाला, "दादा, चाक जरा जोरात फिरतंय का?" ढोलाच्या नादात भास होतो, म्हणून ते हसण्यावारी गेलं. आठव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास चाक थांबलं. ज्योती तालावर उसळत होत्या, लाट फिरत होती, ढग सरकत होते. फक्त चाक जागच्या जागी. पोरांचं निदान: चाक दमलं.

जवळपास तसंच होतं. फिरण्याचा हिशोब असा केला होता: दर फ्रेमला आधीच्या कोनात ०.२ मिळवायचे, आकडा कधीच मागे न्यायचा नाही, कारण फिरवणाऱ्या चौकोनाला ३६० आणि ७२० सारखेच. सेकंदाला ६ अंश, मिनिटात एक फेरी. कोनाच्या आकड्याच्या चौकोनात दिसत होतं ४.१९४३ई+०६, म्हणजे सुमारे ४१,९४,३००.

प्युअर डेटा आकडे ३२ बिटांत ठेवतं. त्यात अचूकतेला २४ बिट. आकडा मोठा झाला की शेजारच्या दोन मांडता येण्याजोग्या आकड्यांतलं अंतर वाढत जातं. २,६२,१४४ च्या पुढे ते ०.०३१२५ होतं आणि ०.२ ची पायरी जवळच्या घरात ढकलली जाऊन ०.१८७५ होते. म्हणजे सुरू झाल्यावर बारा तासांनी, पहिल्या रात्री दहाला, फेरी ६० ऐवजी ६४ सेकंदांची झाली. कोणाला कळलं नाही. १०,४८,५७६ च्या पुढे अंतर ०.१२५, पायरी ०.२५, फेरी ४८ सेकंदांची. ही वेळ येते ५१ तासांनी, तिसऱ्या दिवशी दुपारी एकला. त्या कार्यकर्त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ४१,९४,३०४ ला अंतर होतं ०.५. त्यात ०.२ मिळवले की उत्तर जवळच्या घरात, म्हणजे होतं तिथेच परत येतं. १६७ तास, सात दिवसांना थोडे कमी.

देखावा बसवताना चाचणी तीन तासांची झाली होती. त्यात हे दिसणं शक्य नव्हतं, पण वेळ पुढे ढकलून बघता आलं असतं: कोनाच्या चौकोनात हाताने ४१९४२०० घाला, चाक १४ सेकंदांत थांबतं.

दुरुस्ती म्हणजे मोजणी पूर्णांकात करणं. दर फ्रेमला १ मिळवायचा, 'मॉड १८००', मग गुणिले ०.२. १,८०० फ्रेम म्हणजे एक फेरी, पूर्णांक कधी घासत नाहीत आणि आकडा १,७९९ च्या वर जातच नाही. थेट कोनाला 'मॉड ३६०' लावून भागत नाही, कारण प्युअर डेटाचा मॉड पूर्णांकांचाच आहे, ०.२ चे तुकडे तो कापून टाकतो.

बाहेर दर्शनाची रांग होती, पडदा काळा करायचा नव्हता. पॅच चालू असतानाच नवे चौकोन ठेवता येतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा. पण नवी मोजणी शून्यापासून सुरू केली असती तर चाक जोडल्याजोडल्या झटका देऊन दुसरीकडे गेलं असतं. थांबलेला कोन ४१,९४,३०४. त्यातून ३६० चे ११,६५० पूर्ण वळसे काढले की उरतात ३०४ अंश. भागिले ०.२, म्हणजे १,५२०. नव्या मोजणीत आधी १५२० भरले, मग जुनी तार तोडून नवी जोडली. चाक थांबलं होतं त्याच जागेवरून निघालं.